मावळात राहून पाणी विकत का घ्यायचे?

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कुरवंड्याजवळ इंद्रायणीचा उगम आहे, पवनाही इथल्याच डोंगरातून निघते. वलवण, शिरोता, ठोकरवाडी, वडिवळे, आंद्रा, पवना अशी धरणांची रांगच आपल्या तालुक्यात आहे. खोपोलीच्या टाटांच्या वीजकेंद्राला १९१५ पासून याच डोंगरमाथ्यावरचे पाणी जाते. पिंपरी-चिंचवडची तहान पवनेवर भागते. हेच पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले, त्यात एक बाई होती. पाण्यासाठी मावळाने एवढे मोजले आहे.

आणि याच मावळात आज आपल्या वस्त्यांमध्ये ओट्याशेजारी वीस लिटरचा निळा जार दिसतो. लग्न असो, नामकरण असो, जयंतीचा कार्यक्रम असो, पाहुण्यांच्या हातात सीलबंद बाटली दिली नाही तर यजमानाला कमीपणा वाटतो. "नळाचे पाणी आम्ही पीत नाही" हे वाक्य आता अभिमानाने बोलले जाते. महिनाभर घरकाम करून, बंगल्याची राखण करून, चिक्कीच्या दुकानात दिवसभर उभे राहून आणलेल्या पगारातून हे पाणी येते. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर पाण्याचा हिशेब मांडायचा आहे.

आधी पैशाचे बोलू. जार तीस रुपयांना मिळतो असे धरा आणि पाच माणसांच्या घराला दिवसाआड एक लागतो असे धरा. महिन्याला पंधरा जार म्हणजे साडेचारशे रुपये, वर्षाला पाच हजार चारशे. एवढ्यात मुलांची वह्या-पुस्तके, गणवेश आणि वर एखादी शिकवणी बसते. स्टँडवर घेतलेली वीस रुपयांची एक लिटरची बाटली तर याहून कितीतरी महाग. जारमधला लिटर दीड रुपयाला पडतो, बाटलीतला वीसला.

हा खर्च करून निदान शुद्ध पाणी मिळते का? इथे सीलबंद बाटली आणि जार यांत फरक करायला हवा. सीलबंद बाटलीसाठी भारतीय मानक ठरलेले आहे, आयएस १४५४३ या क्रमांकाचे. बाटलीवर परवाना, बॅच नंबर आणि तारीख छापलेली असते. दारात येणाऱ्या थंड पाण्याच्या जारवर बहुतेक वेळा यातले काहीच नसते. वर एक झाकण दाबून बसवलेले, तेही पुन्हापुन्हा वापरलेले. पाणी कोणत्या बोअरचे, जार आतून कधी घासला, टेम्पोत किती तास उन्हात राहिला, हे विचारायची सोयच नाही. थंड आहे म्हणून ते शुद्ध वाटते. थंडीने जंतू मरत नाहीत, ते नुसते गप्प बसतात.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइयाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकाएकी वाढले. हातापायातली ताकद जाते, काहींना श्वासासाठी यंत्र लागते, असा हा आजार. दूषित पाण्यातून जाणारा कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू अनेक रुग्णांत सापडला. त्या वेळी महापालिकेने विहिरीच्या पाण्याबरोबर परिसरातल्या खासगी आरओ केंद्रांचेही नमुने तपासले. बऱ्याच केंद्रांचे पाणी पिण्यास अयोग्य निघाले आणि ती सील करावी लागली. याच केंद्रांवरून लोक भीतीपोटी जास्तीचे जार नेत होते. नळाचे पाणी तिथे निर्दोष होते असे मुळीच नाही, पण जारने त्यांना वाचवले असेही म्हणता येत नाही.

मोठ्या नावाच्या बाटल्यांबद्दल बोलायचे तर दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २००३ साली दिल्ली आणि मुंबईतल्या बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकांचे अंश असल्याचे दाखवून दिले होते. देशभर गदारोळ झाला, मानके कडक करावी लागली. आता दुसराच प्रश्न पुढे आला आहे. २०१८ मध्ये नऊ देशांतल्या, त्यात भारतही आला, २५९ बाटल्या तपासल्या गेल्या. त्यातल्या ९३ टक्के बाटल्यांत प्लास्टिकचे सूक्ष्म कण होते. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी बारीक मोजमाप केले, तेव्हा एका लिटरमागे सरासरी दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास कण निघाले. काही कण बाटलीचे, काही झाकणाचे, काही तर पाणी शुद्ध करणाऱ्या गाळणीचेच. हे कण शरीरात नेमके काय करतात यावर अभ्यास चालू आहे. नळाच्या पाण्यातही प्लास्टिकचे कण सापडतात. पण जो कचरा टाळण्यासाठी आपण जादा पैसे मोजतो, तोच जर बाटलीतून येत असेल तर पैसे कशाचे मोजले?

बाटली जाते कुठे

बाटली खनिज तेलापासून बनते. तेल काढणे, दाणे तयार करणे, बाटली फुगवणे, पाणी भरणे, ट्रकने घाट चढवणे, दुकानात फ्रीजमध्ये ठेवणे, या प्रत्येक पायरीवर इंधन जळते. बाटलीतल्या एक लिटर पाण्यामागे एकूण सुमारे तीन लिटर पाणी खर्च होते, असा अमेरिकेतल्या पॅसिफिक इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. स्पेनमधल्या बार्सिलोना शहराचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे शहर बाटलीवर गेले तर निसर्गाची हानी नळाच्या पाण्याच्या चौदाशे पट होईल आणि कच्च्या मालाचा खर्च साडेतीन हजार पट, असे त्यात निघाले. बार्सिलोनाचे नळ आणि आपले नळ सारखे नाहीत, हे मान्य. पण पट दोन-चार नाही, हजारांत आहे.

मावळात हे वाचायला अभ्यास लागत नाही. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की भुशी धरण, लायन्स पॉइंट, लोहगड, विसापूर इथे शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. माणसे रविवारी रात्री परत जातात, बाटल्या राहतात. ओढ्याला पूर आला की त्या इंद्रायणीत, आणि इंद्रायणी म्हणजे पुढे कामशेत, देहू, आळंदी. नाल्यात अडकल्या की पाणी तुंबते, आणि ते पहिल्यांदा तुंबते कुठे? जी वस्ती नाल्याच्या काठाला ढकललेली असते तिथे. मग डास, मग डेंग्यू, मग घराघरात ताप. पर्यटक बाटली फेकतो आणि सलाइन आपल्या पोराला लागते.

२३ मार्च २०१८ रोजी राज्यात प्लास्टिकबंदी आली. पाण्याच्या बाटलीला तेव्हा सूट मिळाली, आणि बाटली परत केल्यावर ग्राहकाला ठरावीक रक्कम मिळावी असे ठरले. आपल्यापैकी कितीजणांच्या हातात ती रक्कम पडली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. १ जुलै २०२२ च्या देशव्यापी बंदीत कान कोरायच्या काड्या आल्या, स्ट्रॉ आले, चमचे-पेले आले. पाण्याची बाटली त्या यादीत नाही. डोंगराळ, पर्यटनावर जगणाऱ्या सिक्कीमने मात्र वेगळी वाट धरली. तिथल्या लाचेन गावाने २०१२ मध्येच बाटलीबंद पाणी बंद केले आणि १ जानेवारी २०२२ पासून राज्यानेच बंदी लागू केली. पर्यटकांनी तिकडे जाणे काही सोडले नाही. लोणावळ्याच्या पॉइंटवर नगरपरिषदेचे स्वच्छ पाण्याचे नळ उभे राहिले तर चिक्की काही कमी खपणार नाही.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. बाटल्या वेचून त्यावर घर चालवणाऱ्या आपल्याच आया-बहिणी आहेत. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया. बाटली म्हणजे त्यांच्यासाठी वजनावर विकायचा माल. बाटली कमी झाली तर त्यांचे काय, हा प्रश्न खरा आहे. पण ज्या कामाने हात कापतात, पाठ जाते आणि भाव भंगारवाला ठरवतो, ते काम टिकावे म्हणून कचरा वाढवत राहायचे, हे उत्तर होऊ शकत नाही. त्यांना ओळखपत्र, हातमोजे, ठरलेला मोबदला आणि मुलांना शाळा मिळाली पाहिजे. तोवर आपल्याकडून एवढे व्हावे की बाटली ओल्या कचऱ्यात न टाकता चुरगळून वेगळी द्यावी. चुरगळायची यासाठीही की तीच बाटली पुन्हा कुठल्याशा नळावर भरून विकली जाऊ नये.

सगळ्यात वाईट सवय मात्र घरातलीच आहे. आंघोळीचा बंब पेटवायला लाकूड ओले असले की त्यात बाटल्या टाकल्या जातात. मावळातल्या पावसात लाकूड चार महिने ओलेच असते. बाटली भुरुभुरु जळते, बंब पेटतो, पण जो काळा धूर निघतो त्यात कार्बन मोनॉक्साइड, काजळीचे बारीक कण आणि कर्करोगाला कारण ठरणारी रसायने असतात. वरचे वेष्टन पीव्हीसीचे असेल तर आणखी विषारी वायू. हा धूर बंबाशी वाकून फुंकणारी बाई आणि तिच्या पदराला धरून उभे असलेले मूल ओढते. दमा, सततचा खोकला, डोळ्यांची आग यांचे मूळ शोधताना डॉक्टरांनाही पटकन बंब आठवत नाही. बाटली बंबात जायला नको, एवढे तरी आजपासून पाळता येईल.

नळाची भीती

नळाच्या पाण्याला लोक उगाच घाबरत नाहीत. पाणी दिवसातून तास-दोन तास येते. उरलेला वेळ पाइप रिकामा असतो, आणि गटारातून गेलेल्या फुटक्या पाइपमध्ये बाहेरची घाण ओढली जाते. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली दोन-चार मिनिटे गढूळ, वासाचे येते. ते पाणी पिण्यात घेऊ नका, झाडांना किंवा धुण्याला वापरा. पावसाळ्याच्या सुरुवातीला धरणातच गाळ येतो. जुलाब, कावीळ, टायफॉइड हे सगळे याच वाटेने घरात येतात.

यावर इलाज आहे आणि तो स्वस्त आहे. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, मग जुन्या सुती साडीची चार पदरी घडी करून गाळा. बांगलादेशात मतलब भागातल्या ६५ गावांत हा प्रयोग झाला होता. साडीची घडी घालून पाणी गाळणाऱ्या घरांत कॉलऱ्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने कमी झाले, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. साडीचा कपडा रोज धुवून कोरडा वाळवला पाहिजे. मात्र कापडाने सगळे जंतू जात नाहीत. गाळल्यावर क्लोरीन हवेच. आशाताईंकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात मेडिक्लोरची बाटली मिळते. बाटलीवर लिहिलेले थेंबांचे प्रमाण पाळा, ढवळा आणि अर्धा तास थांबा. आपल्याकडे चूक होते ती अर्ध्या तासाची. थेंब टाकून लगेच तांब्या बुडवला तर जंतू मरायला वेळच मिळत नाही. वास आवडत नसेल तर रात्री थेंब टाकून भांडे झाकून ठेवा, सकाळपर्यंत वास बराच उतरतो.

उकळणे उत्तमच. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवले की पुरे, वीस-वीस मिनिटे आटवत बसायची गरज नाही. पण उकळणे फुकट होत नाही. रोज दहा लिटर पाणी उकळायचे तर साधारण हिशेबाने महिन्याला चार किलो गॅस लागतो, म्हणजे सिलिंडरचा पाव भाग. म्हणून घरात तान्हे मूल, गरोदर बाई, आजारी किंवा म्हातारे माणूस असेल तर त्यांच्यापुरते पाणी उकळावे, बाकीच्यांना क्लोरीन पुरते. स्वच्छ पारदर्शक बाटलीत पाणी भरून सहा तास कडक उन्हात ठेवले तर जंतू मरतात, हाही सिद्ध झालेला उपाय आहे. अडचण एवढीच की मावळात ज्या महिन्यांत पाणी बिघडते त्याच महिन्यांत ऊन नसते.

आरओ यंत्राच्या मागे लागू नका. क्षार जास्त असलेल्या पाण्यासाठी ते आहे. आपल्याकडचे धरणाचे पाणी पावसाचे, मुळातच कमी क्षारांचे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, जिथे पाण्यात लिटरमागे पाचशे मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार आहेत तिथे आरओ नको असे म्हटले होते. त्या यंत्रातून पिण्याजोगे एक लिटर निघते तेव्हा दोन-तीन लिटर मोरीत जाते, आणि जाताना शरीराला लागणारे क्षारही घेऊन जाते. बोअरचे पाणी खारट असलेल्या घराची गोष्ट निराळी.

शुद्ध केलेले पाणी पुन्हा बिघडते ते हाताने. हंड्यात बोटे बुडवून पेला भरणे बंद करा. लांब दांड्याचे ओगराळे ठेवा किंवा तोटी असलेला माठ किंवा स्टीलची टाकी घ्या. भांडी आठवड्यातून एक दिवस रिकामी करून, घासून, कोरडी करा, म्हणजे डासांची अंडीही जातात. मुलांना शाळेत कोल्ड्रिंकची जुनी बाटली देऊ नका. तिचे तोंड अरुंद, आत हात जात नाही, ओरखड्यांत शेवाळ धरते. स्टीलची बाटली एकदाच महाग पडते.

पोढी आणि तळे

सार्वजनिक पाणी ही मावळात नवी कल्पना नाही. भाजे, बेडसे आणि कार्ल्याची लेणी पाहायला गेलात तर चैत्य-विहार पाहून लगेच परतू नका, खडकात खोदलेली पाण्याची टाकी पाहा. ब्राह्मी लिपीतल्या शिलालेखांत त्यांना पोढी म्हटले आहे. भाज्याला महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने पोढी दान दिल्याचा लेख आहे. बेडशाला सामडिनिका नावाच्या महारठिनीच्या दानाचा लेख टाक्यावरच कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरात, भिक्खूंनी आणि घाटवाटेने जाणाऱ्या थकलेल्या माणसाने पाणी प्यावे म्हणून लोकांनी कातळ फोडला आणि त्यावर आपले नाव कोरून घेतले. आज त्या टाक्यांत कधी कधी रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसतात.

आणि महाड तर आपल्याला नव्याने सांगायला नको. मुंबई विधिमंडळात बोले ठराव १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केले, तरी २० मार्च १९२७ पर्यंत चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत आले नाही. बाबासाहेब तिथे पाणी प्याले, आणि नंतर सनातन्यांनी तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते "शुद्ध" केले. आरोग्याच्या दृष्टीने बघितले तर तळे घाण झाले ते त्या दिवशी. खटला दहा वर्षे चालला, १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आपल्या बाजूने दिला. तो लढा सार्वजनिक पाण्याचा होता, नगरपालिकेच्या तळ्याचा. ज्याला परवडते त्याने स्वतःचे पाणी वेगळे आणावे, हे तर आधीपासून चालूच होते.

जारचे खरे नुकसान मला इथे दिसते. ज्यांचा आवाज कार्यालयात ऐकला जातो ती घरे जारवर गेली की नळाबद्दल तक्रार करायला कोणी उरत नाही. नळ मग ज्यांना जार परवडत नाही त्यांच्यापुरता राहतो, आणि अशा नळाकडे कोणते कार्यालय लक्ष देते?

म्हणून नळाचे पाणी प्यायचे तर त्याचा जाबही विचारायचा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. पाण्यात टीसीएल पावडर टाकणे आणि रोज ओटी टेस्ट घेणे हे त्याचे काम. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. रंग आला नाही म्हणजे पाण्यात क्लोरीन नाही. शेवटच्या घराच्या नळालाही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावे, असे मानक आहे. बहुतेक ठिकाणी वस्तीच पाइपच्या शेवटच्या टोकाला असते, तेव्हा टेस्ट टाकीखाली घेऊन उपयोग नाही, ती वस्तीत घ्यायला लावा. गावाच्या पाण्याच्या स्थितीवरून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड दिले जाते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे ग्रामसभेत विचारा. उत्तर टाळले तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करा आणि गेल्या सहा महिन्यांचे पाणी तपासणी अहवाल मागा. नगरपरिषदेच्या हद्दीत हाच अर्ज पाणीपुरवठा विभागाकडे द्यावा. हे काम महिला मंडळाने हातात घेतले तर जास्त चांगले होते, कारण हंडा कोण भरते हे सगळ्यांना माहीत आहे.

कार्यक्रमांचेही ठरवता येईल. १९५४ साली २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या दिवशी तिथे दरवर्षी मोठी गर्दी होते, १४ एप्रिलला तर प्रत्येक वस्तीत. अशा वेळी पाणी वाटणे ही चांगलीच सेवा आहे, पण छोट्या बाटल्या आणि पाऊच वाटले तर दुसऱ्या दिवशी मैदान बघवत नाही. विहाराने वर्गणीतून दोनशे स्टीलचे पेले आणि तोटीची दोन मोठी पिंपे एकदा घेतली की पुढची कित्येक वर्षे लग्ने, नामकरणे, पुण्यानुमोदनाचे कार्यक्रम सगळे त्यात होतील. दोन मुले पेले विसळायला आणि एक जण क्लोरीनचे थेंब मोजायला बसवायचा. पिंपावर सकाळी किती वाजता औषध टाकले ते खडूने लिहून ठेवायचे, म्हणजे विचारणाऱ्याला उत्तर तिथेच मिळते.